‘आउटराइट’ : मागे काहीही न उरणे

राजकीय वार्ता, करारपत्रे आणि क्रीडावृत्ते यांत वारंवार भेटणारा ‘आउटराइट’ हा इंग्रजी शब्द दिसायला सोपा आहे; मात्र त्याला मराठी प्रतिशब्द देताना जाणकारही अडखळतात. शब्दकोशात त्याचे ‘पूर्णपणे’, ‘उघडपणे’ आणि ‘तत्काळ’ असे अर्थ आढळतात. वरकरणी ते भिन्न वाटले तरी त्यांचे मूळ एकच आहे.

‘आउट’ आणि ‘राइट’ यांचा हा जोडशब्द. यातील ‘राइट’ म्हणजे ‘उजवा’ किंवा ‘योग्य’ नव्हे, तर ‘सरळ’. ‘अपराइट’, ‘डाउनराइट’, ‘फोर्थराइट’ या शब्दांतही तोच आहे. जुन्या इंग्रजी वापरात ‘आउटराइट’चा अर्थ ‘थेट, सरळ पुढे’ असा होता. जे थेट जाते ते मध्ये रेंगाळत नाही आणि मागे काही ठेवत नाही. ‘मागे काहीही न उरणे’ हाच या शब्दाचा गाभा होय.

म्हणूनच प्रतिशब्द निवडण्यापूर्वी ‘मागे काय उरले नाही?’ असा प्रश्न करावा. ‘किल्ड आउटराइट’मध्ये घाव आणि मृत्यू यांत अवधी उरत नाही, म्हणून ‘जागीच ठार’. ‘आउटराइट लाय’मध्ये आडपडदा उरत नाही, म्हणून ‘धडधडीत असत्य’. ‘आउटराइट बॅन’मध्ये अपवाद उरत नाही, म्हणून ‘सरसकट बंदी’. ‘रिजेक्टेड आउटराइट’मध्ये चर्चेला वाव उरत नाही, म्हणून ‘साफ फेटाळले’. सर्वत्र ‘पूर्णपणे’ हा एकच शब्द वापरल्यास या छटा पुसल्या जातात.

निवडणुकीच्या वार्तांत हा शब्द ‘मेजॉरिटी’च्या जोडीने येतो. गोवा विधानसभेच्या ४० जागांपैकी किमान २१ जागा एकाच पक्षाला मिळाल्या, तरच त्याला ‘आउटराइट मेजॉरिटी’, म्हणजे स्वबळावरचे स्पष्ट बहुमत, लाभते. २०१७ मध्ये १७ जागा जिंकणारा काँग्रेस पक्ष सर्वांत मोठा ठरला, तरी त्याला असे बहुमत नव्हते. २०२२ मध्ये भारतीय जनता पक्षही २० जागांवर, एका जागेने, अडला. सर्वांत मोठा पक्ष होणे आणि कुणाच्या आधाराची गरज न उरणे, यांतील अंतर हा शब्द दाखवतो.

रणजी करंडकातील ‘आउटराइट विन’ म्हणजे निर्णायक विजय. पहिल्या डावाच्या आघाडीवर अनिर्णित सामन्यातून तीन गुण मिळतात, तर निर्णायक विजयाला सहा. फुटबॉलमध्ये १९७० साली ब्राझीलने तिसऱ्यांदा विश्वचषक जिंकला आणि ज्यूल रिमे करंडक त्यांना ‘आउटराइट’, म्हणजे कायमचा, मिळाला. तो परत करण्याचे बंधन उरले नाही.

या शब्दाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे ते करारपत्रात. घर ‘आउटराइट’ मालकीचे असणे म्हणजे त्यावर कर्जाचा बोजा नसणे. लेखकाने पुस्तकाचे हक्क ‘आउटराइट’ विकणे म्हणजे सामान्यतः एकरकमी मोबदला घेऊन पुढील मानधनावर पाणी सोडणे. येथे ‘रोख विक्री’ असा सैल अर्थ घेतला, तर रक्कम कशी मिळणार एवढेच कळते. हक्क गमावल्याचे कळत नाही. स्वाक्षरीपूर्वी या एका शब्दापाशी थांबणे हिताचे.

व्याकरणाचा एक बारकावाही ध्यानी घ्यावा. हा शब्द विशेषण आहे तसाच क्रियाविशेषणही. विशेषण म्हणून तो नामाआधी येतो, तर क्रियाविशेषण म्हणून बहुधा क्रियापदानंतर. त्यामुळे आपल्याकडे रूढ असलेले ‘आउटराइटली’ हे रूप अनावश्यक ठरते. जो शब्द स्वतःच पूर्णता सांगतो, त्याला शेपटाची गरज उरत नाही.