डोंगर हिरवा दिसतोय, पण माती सुधारली का?

ब्राउझरमध्ये गूगल अर्थचा टाइमलॅप्स उघडा आणि चीनचं लोएस पठार शोधा. 1984 पासूनची चित्रं सरकत जातात आणि पिवळट, उघडेबोडके डोंगर हळूहळू हिरवे होतात. 1999 पासून चीन सरकारने उतारावरची शेती सोडून तिथे झाडं-गवत वाढू देणाऱ्या शेतकऱ्यांना धान्य आणि पैसे द्यायला सुरुवात केली. हा बदल मुख्यतः त्याचाच.

असे आधी-नंतरचे फोटो शेअर करताना लोक धरूनच चालतात की खालची मातीही सुधारली. सॅटेलाइट तसं सांगत नाही. पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि इन्फ्रारेड परत फेकतात. त्या फरकावरून 'एनडीव्हीआय' नावाचा आकडा काढतात. तो पानांचा हिशेब आहे, मातीचा नाही.

मातीसाठी खोदावंच लागतं. याच पठारावर झिवूलिंग हा डोंगराळ भाग आहे. 1860 च्या दशकातल्या युद्धात तिथले लोक परागंदा झाले आणि पडीक शेतांत जंगल आपसूक परतलं. आधी गवत, मग झुडपं, मग बर्च-पॉप्लर, शेवटी ओक.

दीडशे वर्षं कोण थांबणार? म्हणून संशोधक वेगवेगळ्या काळी पडीक झालेल्या जमिनी आज एकत्र तपासतात. एकाच ॲपची जुनी-नवी व्हर्जन्स चार फोनवर सापडावीत, तसं. (यात सगळ्या जमिनी सुरुवातीला सारख्याच होत्या असं मानावं लागतं, आणि ते नेहमी खरं नसतं.)

दिसतं असं: जंगल पुढे सरकतं तसा मातीतला सेंद्रिय कार्बन आणि नायट्रोजन वाढतो, पण मुख्यतः वरच्या थरात, कारण पालापाचोळा आणि बारीक मुळं तिथेच कुजतात. कार्बन हवेतून येतो, नायट्रोजनही जिवाणू हवेतून पकडतात. फॉस्फरसची गोष्ट वेगळी. तो मुळात खडकातून येतो, त्यामुळे जंगल आहे तोच फिरवून वापरतं.

मग घाई करून झाडं लावली तर? या पठारावर रोबिनिया, म्हणजे ब्लॅक लोकस्ट, भरपूर लावला गेला. शेंगवर्गीय झाड, मुळांवर गाठी, त्यामुळे नायट्रोजन पटकन वाढतो. पण कमी पावसाच्या भागात दाट लावलेली अशी झाडं खोलवरचं इतकं पाणी ओढतात की पाऊस ते भरून काढू शकत नाही. खाली कोरडा थर तयार होतो आणि झाडं खुरटतात. माझ्या मते इथेच फोटो सर्वांत जास्त फसवतो, कारण वरून सगळं हिरवंच दिसत असतं.

तुमच्या गावामागचा डोंगर पाहायचा असेल तर कोपर्निकस ब्राउझरवर सेंटिनेल-2 चा एनडीव्हीआय फुकट मिळतो. एक पिक्सेल 10 मीटरचा. पावसाळ्यातलं चित्र घेऊ नका, ढग आणि गवत दोन्ही घोळ घालतात. डिसेंबर-जानेवारीचं घ्या. आणि मातीचा नमुना तपासायला देणार असाल तर वरच्या 15 सेंटिमीटरचा आणि त्याखालचा वेगवेगळ्या पिशवीत भरा.