दगडफूल : नावाचे फूल, कामाचा सोबती

गोड्या मसाल्यासाठी धणे-खोबरे भाजताना मूठभर दगडफूलही कढईत पडते. कोरडे असताना त्याला फारसा वास नसतो. तेलात परतले की घरभर दरवळ सुटतो. पण ताई, हे फूल कोणत्या वेलीचे, असा विचार कधी मनात आला का?

हे फूल नव्हेच. बुरशी आणि शेवाळ यांचा हा एकत्र संसार आहे. बुरशी घर बांधते, ओल धरते. शेवाळ उन्हात अन्न तयार करते. श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने ही जोडी १८६७ साली मांडली. शास्त्रात हिला शैवाक म्हणतात. थंड, दमट डोंगरांत ते खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढते. बाजारात हिमालयाच्या उतारांवरूनही पुष्कळ माल येतो.

ओळखाल कसे? वरची बाजू राखाडी, खालची काळी आणि काठाशी तपकिरी. कडा लाटेसारख्या वळलेल्या. त्यांवर पिठासारखी भुकटी आणि बारीक काळे केस. ही भुकटी वाऱ्याने उडते व नव्या जागी रुजते. ताजे दगडफूल भिजवले की मऊ आणि हिरवट होते. बांधावरच्या दगडाला घट्ट चिकटलेले, नखाने न निघणारे पांढरे-पिवळे डागही शैवाकच. पण ते मसाल्याचे नव्हे.

आंब्याच्या खोडावर असे राखाडी ठिपके दिसले की रोग समजून काही जण साल खरवडतात. तसे करू नका. शैवाक झाडाचा रस पीत नाही. साल ही त्याची केवळ बसायची जागा. फांदी वाळत असेल तर कारण मुळाशी, पाण्यात किंवा किडीत शोधा. खरवडून झालेल्या जखमेतून मात्र खरा रोग शिरतो.

शैवाक हवेतूनच पोसते, म्हणून हवेतले शिसेही शोषून घेते. मोठ्या रस्त्याकडेचे किंवा अनोळखी दगडफूल मसाल्यात घालू नका. अभयारण्यातून तर ते परवानगीवाचून काढणे कायद्याने मना आहे. ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. ओरबाडलेली जागा भरायला कित्येक वर्षे लागतात.

दुकानातून आणलेले दगडफूल आधी निवडा. माती, सालीचे तुकडे, काड्या काढा, ऊन द्या आणि मगच परता. मसाला खमंग होईल, दाताखाली कचही येणार नाही.