पांढऱ्या कुड्याची अमीबारोधी चाचणी

पांढऱ्या कुड्याची अमीबारोधी चाचणी म्हणजे कुड्याच्या सालीच्या अर्काचा, आमांशास कारणीभूत असलेल्या एंटामिबा हिस्टोलिटिका या एकपेशीय परजीवीवर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजणे होय. पांढरा कुडा (होलार्‍हेना प्यूबेसन्स) हा लहान पानझडी वृक्ष नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या रांगांमध्ये आढळतो. आयुर्वेदात त्यास कुटज म्हणतात. त्याची साल व बी अतिसार आणि रक्ताची आव यांवर परंपरेने दिली जातात.

झाडाची ओळख

चाचणीचा निकाल प्रथम झाडाच्या अचूक ओळखीवर अवलंबून असतो. काळा कुडा (राइटिया टिंक्टोरिया) हा दिसण्यात जवळचा, परंतु वेगळ्या प्रजातीचा वृक्ष आहे. दोहोंची फुले पांढरी असतात आणि शेंगा जोडीने येतात. मात्र काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके सुरुवातीस एकमेकांस चिकटलेली असतात, तर पांढऱ्याच्या शेंगा सुट्या असतात. पांढऱ्याचे बी ‘कडू इंद्रजव’, तर काळ्याचे ‘गोडे इंद्रजव’ म्हणून ओळखले जाते. बाजारातील वाळलेल्या सालीसोबत शेंग किंवा बी नसल्याने यांतील एकही खूण उपयोगी पडत नाही. ‘कोनेसी साल’ या नावाने हे औषध युरोपात गेले तेव्हा काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होऊन त्याची पत गेली. त्यामुळे शेंगांसह फांदीचा वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहालयात जतन केल्याविना अशा चाचणीच्या निष्कर्षास फारसे मोल नाही.

चाचणीची पद्धत

साल वाळवून, दळून पाण्यात किंवा अल्कोहोलात अर्क काढतात. अमीबा 37 अंश सेल्सिअस तापमानास वाढवून त्यात अर्काचे कमी-अधिक प्रमाण मिसळतात व 24 ते 72 तासांनी जिवंत पेशी मोजतात. तुलनेसाठी एका संचात मेट्रोनिडॅझोल, तर दुसऱ्यात केवळ द्रावक असतो. हाच अर्क सस्तन प्राण्यांच्या पेशींवरही तपासणे अत्यावश्यक असते, कारण सर्वच पेशी मारणारे द्रव्य औषध ठरत नाही.

मर्यादा

1912 मध्ये लेनर्ड रॉजर्स यांनी कोलकात्यात एमेटिनची इंजेक्शने अमीबाजन्य आमांशावर परिणामकारक असल्याचे दाखविले. परंतु ते हृदयास अपायकारक होते. पुढे रामनाथ चोप्रा यांनी तेथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुड्यातील अल्कलॉइडांचा अभ्यास केला. त्यांपैकी कोनेसीन अमीबारोधी असले, तरी रुग्णांत निद्रानाश व अस्वस्थता आढळल्याने त्याचा वापर मागे पडला. शिवाय रक्ताची आव, विशेषतः लहान मुलांत, बहुधा शिगेला या जिवाणूमुळे होते. अमीबावरील यशस्वी चाचणी त्याविषयी काहीच सांगत नाही. दोन्ही आजारांची लक्षणे सारखी असल्याने निदान शौचाच्या तपासणीनेच होते.