बांधावरची निर्गुडी



पाचट जाळू नका, सरीतच ठेवा, हे प्रत्येक गट मेळाव्यात ऐकून आपले कान किटले असतील. आज बोलायचे आहे ते त्याच जाळात होरपळणाऱ्या बांधाविषयी. जाळातून वाचलेला बांध कोरून एक सरी जादा काढणारेही आहेत. त्या सरीत चार मोळ्या ऊस मिळतो खरा, पण जाते काय, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

निर्गुडीचेच घ्या. तिला जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणून जुन्या माणसांनी ती कुंपणाला लावली. फांदी खोचली की जगते, मुळ्या ओढ्याकाठची माती धरून ठेवतात. तिच्या फोकांच्या कणग्या विणायच्या, शेणामातीने लिंपायच्या, की वर्षाची ज्वारी आत राहायची. धान्यात घालायचा पालाही तिचाच, नाहीतर कडुनिंबाचा, सावलीत वाळवलेला. बाळंतिणीच्या न्हाणीच्या पाण्यात निर्गुडी, गुडघा धरला तर तव्यावर गरम करून बांधायची तीही निर्गुडीच. (सूज उतरत नसेल तर मात्र डॉक्टर गाठावा, पाल्यावर भिस्त ठेवून बसू नये.)

करंजाचे तेल दिव्याला, बैलाच्या खरजेला. पेंड शेताला, खताचे खत आणि वाळवीलाही अटकाव. आज त्याच पेंडीचे पोते आपण दुकानातून उचलतो आणि बांधावरचा करंज सरपणाला तोडतो! बाभळीचे औत ट्रॅक्टरने घालवले, त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही.

आता कारखान्याच्या अंकात गुऱ्हाळाची गोष्ट म्हणून कोणी हसेल, पण सांगतोच. रानभेंडीची झाडे ठेचून पाण्यात भिजवली की बुळबुळीत रस सुटतो. तो उकळत्या काहिलीत ओतला की मळी वर धरते, ती झाऱ्याने काढायची. गुळव्याचे निम्मे कसब त्यातच. पुढे हायड्रॉस पावडर आली. गूळ पिवळाधमक दिसू लागला, पण तिच्यातले गंधक गुळात उतरते आणि त्यावर कायद्याने मर्यादा घातलेली आहे. बांधावर रानभेंडी राहिली असती तर पुडी फोडायची पाळी थोडी कमी आली असती, असे माझे मत आहे.

पहिला चांगला पाऊस झाला की बोटाएवढ्या जाडीच्या, वीत-दीड वीत लांबीच्या निर्गुडीच्या कांड्या बांधाला हातभर अंतराने खोचाव्यात. विकत आणायची गरज नाही. गट ऑफिसमागच्या ओढ्याला भरपूर आहे, येताना कोयता तेवढा आणा.