हल्ल्याची बातमी आली. आता तुमच्या फोनमधून पुढे काय जाणार?

२२ एप्रिल २०२५, मंगळवार. दुपारनंतर पहलगामची पहिली बातमी आली ती जेमतेम एका ओळीची होती. बैसरन खोऱ्यात गोळीबार झालाय, पर्यटक जखमी आहेत, एवढंच. रात्र होईपर्यंत आकडा वाढत गेला आणि शेवटी २६ वर थांबला. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते: डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन आणि पनवेलचे एक. आमच्या रायपूरचे एक व्यावसायिकही त्यात होते.

रायपूर स्टेशनच्या मागच्या बाजूला, रुळांपलीकडे आमचं गुढियारी आहे. इथल्या मराठी घरांत फोनमध्ये हमखास तीन ग्रुप असतात: मोहल्ल्याचा हिंदी ग्रुप, नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांचा मराठी ग्रुप आणि मुलांच्या शाळेचा ग्रुप. अशा वेळी हे तिन्ही ग्रुप एकदम वाजू लागतात. त्यातून दिवस सुट्ट्यांचे होते. कोणाचा ना कोणाचा भाचा, शेजारी किंवा ऑफिसमधला सहकारी काश्मीरला गेलेला होता किंवा निघायच्या तयारीत होता.

"एवढ्या गर्दीच्या ठिकाणी बंदोबस्त का नव्हता? हल्लेखोर किती होते? पळाले कुठे?" लोक हेच विचारत होते आणि हे प्रश्न रास्तच होते. पण एका रात्रीत त्यांची उत्तरंही तयार झाली आणि घरोघर पोहोचली. ती कोणीही तपासलेली नव्हती.

या लेखात आपण याच मधल्या वेळाबद्दल बोलू या. घटना घडलेली असते, पण खरं काय ते कळलेलं नसतं, अशा वेळी आपण काय करतो?

अफवा का पसरते?

अफवा पसरवणारे सगळेच वाईट असतात असं नाही. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. विषय जितका महत्त्वाचा आणि माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोरात. या दोनपैकी एक गोष्ट जरी नसली तरी अफवा टिकत नाही.

आता दहशतवादी हल्ल्याचं बघा. विषय जीवन-मरणाचा असतो आणि पहिले काही तास माहिती जवळपास शून्य असते. भीती वाटत असते, राग आलेला असतो आणि हात रिकामे असतात. काहीतरी केलं पाहिजे असं वाटतं आणि करण्यासारखं जवळ एकच असतं, फोन. मग आपण पुढे पाठवतो. पाठवल्यावर क्षणभर बरं वाटतं, जणू आपण मदतच केली.

"आम्ही जिवंत आहोत"

पहलगामनंतर दोन दिवसांत एक व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. काश्मीरमध्ये एक तरुण जोडपं गाण्यावर नाचतंय. हल्ल्यात मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याचा आणि त्याच्या पत्नीचा हा शेवटचा व्हिडिओ, असं सांगितलं गेलं. लोक रडले, हात जोडले आणि पुढे पाठवला. खरं तर ते जोडपंच वेगळं होतं. शेवटी त्या दोघांना स्वतः समोर येऊन सांगावं लागलं की व्हिडिओ आमचा आहे आणि आम्ही जिवंत आहोत.

यात कोणाचाच हेतू वाईट नव्हता असं तुम्ही म्हणाल. ठीक आहे. पण त्या दोघांच्या घरच्यांनी तो व्हिडिओ श्रद्धांजलीच्या फुलांसह पाहिला असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? आणि ज्या घरात खरंच मृत्यू झाला होता, तिथे काय वाटलं असेल?

त्याच अधिकाऱ्याच्या पत्नीच्या वाट्याला आणखी काही आलं. १ मे रोजी, त्याच्या जन्मदिनी, कर्नालमध्ये रक्तदान शिबिर झालं. तिथे तिने न्यायाची मागणी केली आणि लोकांनी मुस्लिमांच्या किंवा काश्मिरींच्या मागे लागू नये, असंही सांगितलं. लग्नाला काही दिवसच झालेली ती मुलगी, पण त्यानंतर तिच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. राष्ट्रीय महिला आयोगाला ४ मे रोजी निवेदन काढून हे चुकीचं आहे असं सांगावं लागलं. ज्यांच्या दुःखासाठी आपण चिडलो होतो, त्यांनी आपल्या मनासारखं बोललं नाही म्हणून आपण त्यांच्यावरच चिडलो. हे स्वतःच्या घरात घडलं असतं तर?

मुंबईने शिकवलेला धडा

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी व्हॉट्सअॅप नव्हतं, पण टीव्ही होता. ताज आणि नरिमन हाउसच्या बाहेर कॅमेरे लागले होते आणि कमांडो कुठून उतरतायत तेसुद्धा थेट दिसत होतं. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. या हल्ल्यात १६६ लोकांचा जीव गेला. २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले.

म्हणूनच पहलगामनंतर २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने सूचना काढली की सुरक्षा दलांच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका. वाहिन्यांसाठी तसा नियमही आहे. पण आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. बाल्कनीतून दिसलेला लष्करी ताफा तुम्ही स्टेटसला टाकलात, तर २००८ च्या त्या कॅमेऱ्यांत आणि तुमच्यात फरक काय राहिला?

मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत तर कहरच झाला. व्हिडिओ गेममधली दृश्यं हवाई हल्ला म्हणून फिरली. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची 'बातमी' तर काही वाहिन्यांनीसुद्धा दिली. असं काही घडलेलंच नव्हतं.

बोट दाखवण्याची घाई

सगळ्यात धोकादायक अंदाज कोणता? "कोणी केलं" हा.

एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. इंटरनेटवरच्या हौशी तपासनिसांनी फोटो जुळवून भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्याला हल्लेखोर ठरवलं. त्याच्या घरच्यांना धमक्या आल्या. तो पूर्ण निर्दोष होता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह नदीत सापडला. त्याच्या मृत्यूचा स्फोटांशी काहीच संबंध नव्हता. आधीच मुलाला शोधत फिरणाऱ्या त्या कुटुंबाने ते दिवस कसे काढले असतील?

लांब कशाला जायचं? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली आहे या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. तो दहशतवादी हल्ला नव्हता, पण भीती, राग आणि फोनवरचा मेसेज ही साखळी तीच होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पाठवण्याची मर्यादा आणली.

तपास यंत्रणांचंही चुकतं. २००६ च्या मालेगाव स्फोटांत सुरुवातीला पकडलेल्या माणसांनी पाच वर्षं तुरुंगात काढली आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. पोलीस, पुरावे, न्यायालय एवढं सगळं असूनही असं होऊ शकतं. मग चहा पिता पिता केलेल्या आपल्या अंदाजावर किती भरवसा ठेवायचा?

चिरमिरीची ती गोष्ट

छत्तीसगडमधली एक गोष्ट प्रत्येक घरात सांगायला हवी. हल्ल्याच्या दिवशी आपल्या चिरमिरीची चार कुटुंबं, एकूण ११ माणसं, बैसरनमध्ये होती. त्यात लहान मुलंही होती. त्यांना सुखरूप बाहेर काढलं ते त्यांच्यासोबतच्या काश्मिरी गाइडने. हा तरुण हिवाळ्यात चिरमिरीला गरम कपडे विकायला यायचा, त्यामुळे ओळख जुनी होती. त्याच दिवशी त्याचा नात्यातला भाऊ, पहलगामचा एक घोडेवाला, पर्यटकांना वाचवायच्या प्रयत्नात मारला गेला. त्या २६ जणांमधला स्थानिक माणूस तोच.

आता विचार करा. थंडीत पाठीवर गाठोडं घेऊन आपल्या गल्लीत कोणी शालवाला आला, तर हल्ल्यानंतर ग्रुपवर आलेला "यांना दारात उभं करू नका" हा मेसेज त्याच्यासाठी काय असतो? त्याच्यासाठी तो त्या दिवसाच्या जेवणाचा प्रश्न असतो.

प्रश्न जरूर विचारा

म्हणजे गप्प बसायचं का? मुळीच नाही. प्रश्न विचारणं वेगळं आणि उत्तर स्वतःच बनवून वाटणं वेगळं. बंदोबस्त का नव्हता, हा प्रश्न लोकांनी लावून धरला. जुलै २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या नायब राज्यपालांनी ही सुरक्षेतली चूक होती असं मान्य करून जबाबदारी घेतली.

हल्लेखोरांचं काय झालं? राष्ट्रीय तपास यंत्रणेने २२ जूनला त्यांना आसरा देणाऱ्या दोघांना अटक केली. २८ जुलैला 'ऑपरेशन महादेव'मध्ये तिघे मारले गेले. ते हेच हल्लेखोर होते का, हे ठरवण्यासाठी त्यांच्या बंदुकांची तपासणी चंदीगडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत झाली आणि बैसरनमध्ये सापडलेल्या काडतुसांशी ती जुळवली गेली. दुसऱ्या दिवशी गृहमंत्र्यांनी संसदेत तसं सांगितलं. हल्ल्यापासून ऑपरेशनपर्यंत ९७ दिवस लागले. आपल्या ग्रुपवर मात्र पहिल्याच रात्री सगळं 'सिद्ध' झालं होतं.

घरात काय करता येईल?

• एक रात्र थांबा. खरी बातमी सकाळीही खरीच असते. मेसेजवर दुहेरी बाण आणि "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" असं दिसलं तर आणखी सावध व्हा. पाठवणाऱ्याने तो लिहिलेला नाही आणि तो बऱ्याच चॅटमधून फिरत आला आहे, असा त्याचा अर्थ.

• तपासा. सरकारशी संबंधित दाव्यांसाठी पीआयबी फॅक्ट चेक आहे. व्हिडिओ जुना वाटला तर त्यातलं एक दृश्य घेऊन गुगलवर फोटोने शोधा. बरेचदा तो दुसऱ्याच देशातला निघतो.

• मृतांचे फोटो नकोत. रक्ताने माखलेलं शरीर कोणाचा तरी बाप असतं, कोणाचा तरी मुलगा असतं. त्याची ओळख घरच्यांना तुमच्या स्टेटसवरून कळू नये.

• काकांना चारचौघांत खोटं पाडू नका. ग्रुपवर "हे फेक आहे" लिहिलं की वाद पेटतो. त्यांना वेगळा फोन करा. "काका, मी बघितलं, तो व्हिडिओ जुना आहे, काढता का?" एवढं पुरतं. मोठी माणसं बहुतेक वेळा ऐकतात, मान राखला तर.

• मुलांना आधी विचारा. "तू काय ऐकलंस?" असं विचारा आणि मग त्यांच्या वयाला झेपेल तेवढंच खरं सांगा. तीच ती दृश्यं दिवसभर टीव्हीवर चालू ठेवू नका. लहान मुलाला प्रत्येक वेळी नवीन हल्ला झाला असं वाटतं.

• तुमच्याकडे खरा पुरावा असेल तर तो पोलिसांना द्या, ११२ वर फोन करा. ग्रुपवर टाकून तपासाला मदत होत नाही. शिवाय द्वेष पसरवणारी खोटी माहिती वाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ नुसार गुन्हा आहे.

• हातांना काम द्या. रक्तदान करा. शोक झालेलं घर ओळखीचं असेल तर जाऊन बसा, डबा न्या. काही बोलता आलं नाही तरी चालेल.

पुढची वाईट बातमी कधी येईल सांगता येत नाही, ती न येवो हीच प्रार्थना. पण आलीच तर फोन हातात घेऊन स्वतःला एवढंच विचारा: ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय, त्यांच्यासमोर बसून मी हा मेसेज मोठ्याने वाचू शकेन का? उत्तर 'नाही' असेल तर तो तिथेच पुसून टाका.