लॅपटॉपमधलं ‘ऑफिस’: पैसे नेमके कशाचे द्यायचे, आणि द्यायचे तरी का?

राजेगाव (बालाघाट) : बाघ नदीचा पूल ओलांडला की राज्य बदलतं. पेट्रोलचा दर बदलतो, विजेचं बिल बदलतं, धानाच्या बोनसचा हिशोब बदलतो. एक वस्तू मात्र दोन्ही तीरांवर एकाच दराची आहे, ती म्हणजे कॉम्प्युटरमधलं ‘ऑफिस’. जुलै २०१७ च्या आधी दोन राज्यांचे व्हॅट वेगवेगळे होते. जीएसटी आल्यापासून सॉफ्टवेअरवर इकडेही १८ टक्के आणि तिकडेही १८ टक्केच. म्हणजे ऑफिस स्वस्त मिळेल म्हणून बालाघाटऐवजी गोंदियाला जाण्यात काही अर्थ नाही.

तरीही एकाच गल्लीत तीन घरांनी तीन वेगळे पैसे मोजलेले असतात. एकाने दुकानदाराला पाचशे रुपये देऊन ‘टाकून घेतलं’, दुसऱ्याच्या खात्यातून दरवर्षी काही हजार आपोआप कटतात, तिसऱ्याने काहीच दिलं नाही आणि त्याचं काम अडलेलं नाही. बारावी झालेल्या पोरीसाठी घरात पहिला लॅपटॉप येतो, तो बहुतेक धानाचे पैसे हाती आल्यावर. अशा घरात हा फरक छोटा नसतो.

लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस आधी शोधा

भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपसोबत मायक्रोसॉफ्ट ऑफिस येतं. आधी ते ‘होम अँड स्टुडंट २०२१’ या नावाने यायचं, नव्या मॉडेलांत ‘होम २०२४’ दिसतं. वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट त्यात असतात. त्याचे पैसे लॅपटॉपच्या किमतीतच धरलेले असतात. खोक्यावर किंवा बिलावर ‘एमएसओ’, ‘ऑफिस एच अँड एस’ असं काही लिहिलं असेल तर समजायचं की हा माल तुमचा आहे.

गोची पुढे आहे. हे ऑफिस पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं, आणि ज्या ईमेलने खातं उघडलं त्या ईमेलला ते कायमचं जोडलं जातं. घाईत दुकानातला पोरगा स्वतःचा नाहीतर दुकानाचा ईमेल टाकून मोकळा होतो. गिऱ्हाईक खूश, कारण वर्ड उघडलं. दोन वर्षांनी विंडोज नव्याने टाकायची वेळ आली की ऑफिस पासवर्ड मागतं, आणि तो पासवर्ड ना गिऱ्हाइकाकडे असतो, ना त्या पोराला आठवतो. मग “भाऊ, आता नवीन घ्यावं लागेल” हे ऐकावं लागतं. एकदा विकत घेतलेली वस्तू दुसऱ्यांदा विकत घ्यायची पाळी येते.

दुसरी गोची मुदतीची. सोबत आलेलं ऑफिस लॅपटॉप सुरू केल्यापासून साधारण सहा महिन्यांच्या आत सुरू करून घ्यावं लागतं. त्यानंतर ते मिळेलच याची खात्री नसते.

तपासायला दोन मिनिटं लागतात. वर्ड उघडायचं, वर ‘फाइल’ आणि खाली ‘अकाउंट’. तिथे ऑफिसचं नाव दिसतं आणि ‘बिलाँग्स टू’ असं लिहून त्याखाली ईमेल दिसतो. तो ईमेल घरातल्या माणसाचा नसेल तर दुकान जवळ आहे आणि बिल हाती आहे तोवरच विचारलेलं बरं. आणि नाव ‘होम’ असं न दिसता ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ दिसत असेल, तर तो बहुधा महिनाभराचा नमुना असतो. महिना संपला की फाइल उघडते, छापता येते, पण त्यात एक अक्षर बदलता येत नाही. “घेतला तेव्हा चालत होतं, मंग आता का नाही चालत?” या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

सोबत आलेल्या ऑफिसला दुकानात ‘लाइफटाइम’ म्हणतात. हे आयुष्य त्या लॅपटॉपचं असतं, माणसाचं नव्हे. लॅपटॉप गेला की तेही गेलं. शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या ठरलेल्या तारखेपर्यंतच येतात. ऑफिस २०१६ आणि २०१९ च्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. ऑफिस २०२१ ची तारीख १३ ऑक्टोबर २०२६ आहे, तर २०२४ ची ऑक्टोबर २०२९. त्या दिवशी प्रोग्रॅम बंद पडत नाही, पुढेही चालतो. पण अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल त्यात उघडणं हळूहळू धोक्याचं होत जातं.

वर्षाचं भाडं

मायक्रोसॉफ्ट ३६५ म्हणजे भाड्याचं घर. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने त्यात ‘कोपायलट’ हा एआय मदतनीस घातला आणि भाडं वाढवलं. भारतात एका माणसाच्या ‘पर्सनल’ योजनेचे वर्षाला ४,८९९ रुपये होते, ते ६,८९९ झाले. सहा जणांपर्यंतच्या ‘फॅमिली’ योजनेचे ६,१९९ होते, ते ८,१९९ झाले. दोन्हीकडे सरळ दोन हजारांची वाढ. महिन्याने भरलं तर पर्सनलचे ६८९ रुपये, म्हणजे वर्षाला ८,२६८. “महिन्याचं परवडतं” म्हणणाऱ्याला तेच घर १,३६९ रुपये महाग पडतं.

कोपायलट नको असलेल्या जुन्या ग्राहकांसाठी ‘क्लासिक’ नावाची जुन्या दराची योजना होती. पण ती सहजासहजी दिसत नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये याच कारणावरून कंपनीला कोर्टात खेचलं. सुमारे २७ लाख ग्राहकांना हा स्वस्त पर्याय नीट सांगितला नाही, असा आरोप होता. त्यानंतर कंपनीने तिथल्या ग्राहकांची माफी मागितली आणि पैसे परत देण्याची तयारी दाखवली. आपल्याकडच्यांनी यातून घ्यायचं ते इतकंच, की नूतनीकरणाच्या आधी खात्यात जाऊन कोणकोणत्या योजना दिसतात ते स्वतः बघावं. रद्द करायच्या बटणापर्यंत गेल्यावरच स्वस्त पर्याय समोर येतो, असंही होतं.

पैसे कटतात कसे, तेही कळलं पाहिजे. कार्डाला एकदा परवानगी दिली की पुढच्या वर्षी रक्कम आपोआप जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पंधरा हजारांपर्यंतच्या अशा वसुलीला दरवेळी ओटीपी लागत नाही. बँकेने किमान २४ तास आधी कळवायचं, एवढं बंधन आहे. ८,१९९ या मर्यादेच्या आतच बसतात. मोबाइल नंबर बदललेला असेल, किंवा घरच्यांनी तो मेसेज जाहिरात समजून पुसला असेल, तर पैसे गेल्यावरच कळतं.

हे भाडं कुणी भरावं? ज्या घरात तीन-चार कॉम्प्युटर आहेत, एक पोरगा नागपूरला शिकतो, एक सून बालाघाटला नोकरी करते, आणि सगळ्यांना फोटो-फाइली ठेवायला जागा हवी, त्या घराला फॅमिली योजना महाग नाही. प्रत्येकाला एक टीबी जागा मिळते आणि सहा जण धरले तर माणशी वर्षाला चौदाशेच्या आत पडतं. कोपायलट मात्र ज्याच्या नावे योजना आहे त्यालाच मिळतो. पण एकट्याने अर्ज, बायोडाटा आणि मुलांचा प्रोजेक्ट यासाठी पाच वर्षांत ३४,४९५ रुपये देणं म्हणजे तेवढ्यात जवळपास दुसरा लॅपटॉप येतो.

पाचशेचं काय?

ऑनलाइन तीनशे-पाचशेला विकली जाणारी ‘प्रॉडक्ट की’ बहुतेकदा एखाद्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या घाऊक परवान्यातून बाहेर आलेली असते. आज चालते, उद्या कंपनीने बंद केली की संपली. तक्रार करायला पक्कं बिल नसतं. दुकानात टाकून मिळणारा ‘क्रॅक’ त्याहून वाईट. तो चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या कॉम्प्युटरवर घरचं नेटबँकिंग होतं, त्यावर राखणदाराला झोपवून अनोळखी माणूस आत घ्यायचा, असा तो प्रकार.

कायदाही आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ बी प्रमाणे नकली प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरला तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी नसेल तर कोर्ट कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. घरातल्या माणसाला पोलीस शोधत येतील असं नाही. पण एमपी ऑनलाइनचं कियोस्क किंवा नदीपलीकडे आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याचा वापर कमाईचाच असतो. त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : ‘होम अँड स्टुडंट २०२१’ हे अस्सल असलं तरी धंद्यासाठी नाही.

फुकट आणि कायदेशीर

लिब्रेऑफिस हा यातला सगळ्यात भक्कम पर्याय. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेला हा प्रकल्प ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही जर्मनीतली संस्था सांभाळते. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही, आणि सावकाश चालणाऱ्या नेटवर्कच्या गावात हीच त्याची मोठी किंमत. मेनू मराठीत करता येतात. घरी वापरा, दुकानात वापरा, पैसे नाहीत. वर्डच्या फाइली उघडतात, फक्त कधी ओळी सरकतात, तक्ता दुसऱ्या पानावर जातो. याचं कारण बहुधा फॉन्ट असतो. मायक्रोसॉफ्टचा नवा अॅप्टोस त्या कॉम्प्युटरवर नसतो, म्हणून दुसरा फॉन्ट घेतला जातो आणि अक्षरांची रुंदी बदलते. पाठवायची अंतिम प्रत पीडीएफ करून पाठवली की हा वाद मिटतो.

गुगल डॉक्स मोबाइलवरही चालतं, मराठीत बोलून टाइप होतं. पण फुकटची १५ जीबी जागा जीमेल आणि फोटोंसोबत वाटून घ्यावी लागते, आणि ती भरली की नवीन मेल येणंच थांबतं. मायक्रोसॉफ्टचं वर्ड आणि एक्सेलसुद्धा ब्राउझरमध्ये फुकट आहे, सोबत पाच जीबी जागा. हे पुष्कळांना माहीतच नसतं. चेन्नईच्या झोहो कंपनीचे रायटर आणि शीट हे प्रोग्रॅमही वैयक्तिक वापराला फुकट आहेत. २०२५ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कामकाजात झोहोला जागा दिल्यापासून त्याचं नाव गावागावांत पोहोचलं.

खरी अडचण कृतीदेवची

राजेगावसारख्या ठिकाणी लोक ऑफिस बदलायला कचरतात, त्याचं मूळ पैशात कमी आणि अक्षरांत जास्त आहे. मध्य प्रदेशात अर्ज-कागद वर्षानुवर्षं कृतीदेवमध्ये टाइप झाले, महाराष्ट्रात श्रीलिपी नाहीतर सुरेख. हे युनिकोड येण्याआधीचे फॉन्ट. त्यात कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, वरून देवनागरीचा मुखवटा. कृतीदेवमध्ये ‘राजेगाव’ लिहिलं आणि तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं, तर ‘जे के टी एस एक्स के ओ’ अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. मग लोक म्हणतात, “फुकटच्या ऑफिसात मराठी नाही दिसत.”

दोष ऑफिसचा नाही. फॉन्ट हा ऑफिसचा भाग नसून कॉम्प्युटरचा आहे. लिब्रेऑफिसमध्ये कृतीदेव टाकून घेतला की जुन्या फाइली वाचता येतात. गुगल डॉक्स मात्र आपल्या कॉम्प्युटरवरचा फॉन्ट वापरत नाही, त्यामुळे तिथे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावंच लागतं. नवीन लिखाण युनिकोडमध्ये केलं तर ते गोंदियात, बालाघाटात आणि मोबाइलवरही सारखंच दिसतं.

परीक्षेचाही इथे संबंध आहे. मध्य प्रदेशातल्या नोकऱ्यांसाठीच्या सीपीसीटीत हिंदी टायपिंग युनिकोडमध्येच होतं, रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. म्हणजे त्या सरावासाठी महागडं ऑफिस असण्या-नसण्याने काही अडत नाही. पलीकडच्या एमएस-सीआयटीत मात्र मायक्रोसॉफ्टचेच वर्ड-एक्सेल शिकवतात, बटणंही त्याचीच. त्या पोरांनी घरी सराव ब्राउझरमधल्या फुकट वर्ड-एक्सेलवर करावा. काही सोयी त्यात नाहीत, पण मेनूची ओळख तीच राहते.

सगळं जमेस धरून पैसे द्यायचेच ठरले, तर पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर ऑफिसचं पूर्ण नाव लिहून घ्या, आणि दुकानात बसूनच आपल्या ईमेलने, आपला मोबाइल नंबर घालून खातं उघडा. पासवर्ड घरच्या वहीत, रेशन कार्ड ठेवतो त्याच पिशवीत. वर्षाची योजना घेतली असेल तर त्याच दिवशी खात्यात जाऊन ‘रिकरिंग बिलिंग’ बंद करता येतं. तरी भरलेल्या पैशांचं वर्ष पूर्ण मिळतं, आणि पुढच्या वर्षी घ्यायचं की नाही ते तेव्हाच्या दरावर ठरवता येतं.