केबिनचा उंबरा किती सेंटीमीटर?

शहापूर-मुरबाडकडच्या जुन्या घरांचे जोते उंच. पावसाळ्यात अंगणात पाणी साचते, म्हणून घर दोन-तीन पायऱ्या वर, पुढे ओटा किंवा पडवी आणि आत जाताना लाकडी उंबरा. धडधाकट माणसाच्या हे लक्षातही येत नाही. पण घरात कुणाला पक्षाघात झाला किंवा कुणी झाडावरून पडून मणका दुखावला आणि व्हीलचेअर आली, की त्याच दिवशी सगळ्यांना उंबऱ्याची उंची पाठ होते. जहाजावरची खोली, म्हणजे केबिन निवडताना नेमके हेच ज्ञान कामाला येते. जहाजालाही उंबरे असतात, आणि त्यांच्यापुढे फळी टाकून भागत नाही.

क्रूझची सफर आता केवळ परदेशवारीतली चैन राहिलेली नाही. २०२१च्या सप्टेंबरपासून ‘कॉर्डेलिया’चे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या सफरी करू लागले. आसनगावहून लोकलने सीएसएमटी गाठले, की बॅलार्ड पिअर जवळच. मुलांना नोकऱ्या लागल्या, हाती थोडे पैसे आले, की ‘आईला एकदा जहाजातून फिरवून आणू’ असे बेत होतात. आणि व्हीलचेअरवरची आई म्हणते, ‘तुम्ही जा, मी घरीच बरी.’ या नकारात समुद्राची भीती क्वचितच असते. तिच्या मनात प्रश्न असतो तो संडासला जायचे कसे, हा. तो तिने बोलून दाखवला नाही तरी केबिन निवडणाऱ्याने तोच आधी विचारात घ्यायला हवा.

आरक्षणाच्या अर्जावर ‘व्हीलचेअर अ‍ॅक्सेसिबल’ असे दोन शब्द असतात. त्यांवर समाधान मानू नये. काही कंपन्या अशा केबिनचे दोन प्रकार करतात. एक, खुर्चीतून अजिबात उठू न शकणाऱ्या माणसासाठी. दुसरा, खुर्ची वापरणाऱ्या पण आधाराने चार पावले टाकू शकणाऱ्या माणसासाठी. दुसऱ्या प्रकारात दार रुंद असेल, आधाराचे दांडे असतील, पण न्हाणीत खुर्ची आत वळेलच असे नाही. नाव दोन्हींचे सारखेच वाटते.

तेव्हा आधी मोजपट्टी घेऊन आपली खुर्ची मोजावी. १८ इंची बैठकीची साधी घडीची व्हीलचेअर चाकांसह सुमारे ६५ सेंटीमीटर रुंद भरते. चाके हाताने ढकलणाऱ्याच्या बोटांना दोन्ही बाजूंनी थोडी जागा लागते, ती वेगळी. जहाजावरच्या साध्या केबिनचे दार बहुधा ५५ ते ६० सेंटीमीटरचे असते. म्हणजे खुर्ची दारातच अडणार. सुगम केबिनचे दार किमान ८० सेंटीमीटर मोकळे मिळायला हवे. ‘मोकळे’ हा शब्द महत्त्वाचा, कारण दार पूर्ण उघडल्यावर त्याची जाडी आणि मूठ वजा जाता उरते ते खरे माप. खुर्ची जागच्या जागी वळवायला सुमारे १५० सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ लागते. पलंगाच्या निदान एका बाजूला ९० सेंटीमीटर जागा हवी आणि गादीची उंची खुर्चीच्या बैठकीला मिळतीजुळती हवी. गादी फार उंच असेल तर उचलणाऱ्याची कंबर जाते, फार खोल असेल तर परत खुर्चीत येणे कठीण.

न्हाणीघरापाशी मात्र थांबून नीट विचारावे. जहाज डोलते, त्यामुळे न्हाणीतले पाणी खोलीत येऊ नये म्हणून दाराशी कठडा ठेवतात. शिवाय बहुतेक क्रूझ जहाजांची न्हाणीघरे कारखान्यात तयार खोके म्हणून बनतात आणि पोलादी डेकवर आणून बसवतात, त्यामुळे त्यांची जमीन खोलीच्या जमिनीपेक्षा वर राहते. हा उंबरा पाच सेंटीमीटरचा असू शकतो, पंधराचाही. घरी आपण उंबऱ्याला लाकडी फळी टाकतो. एकास बाराच्या उताराने पंधरा सेंटीमीटर चढायचे तर १८० सेंटीमीटर लांब फळी लागेल, आणि तेवढी जागा केबिनमध्ये नसते. म्हणून ‘उंबरा आहे का’ एवढेच विचारू नये, ‘किती सेंटीमीटर’ असे विचारावे.

त्याहून सहज विसरली जाणारी गोष्ट म्हणजे बाजू. पक्षाघाताने शरीराची डावी बाजू गेली असेल, तर माणूस उजव्या हाताने दांडा धरतो आणि उजवीकडे सरकतो. कमोडचा दांडा आणि शेजारची मोकळी जागा डावीकडे असेल, तर सगळी मापे बरोबर असूनही ती न्हाणी त्याच्या कामाची नाही. अनेक जहाजांवर एक केबिन दुसरीच्या आरशातल्या प्रतिमेसारखी असते. एकीत कमोड भिंतीच्या डाव्या बाजूला, शेजारच्या केबिनमध्ये उजव्या. केबिनचा क्रमांक निश्चित करण्याआधी हे विचारले तर बदल करून मिळू शकतो. जहाजावर चढल्यानंतर अशी दुसरी केबिन रिकामी सापडणे दुर्मीळ, कारण कोणत्याही जहाजावर सुगम केबिन मोजक्याच असतात. त्या ऐसपैस असतात म्हणून धडधाकट प्रवासीही त्या मागतात, हे मला पटत नाही. पण त्यामुळे आरक्षण काही महिने आधी करणे भाग पडते.

मापे हाती आली, की ती कागदावर ठेवू नयेत. अंगण सारवलेले असो की फरशीचे, खडूने त्यावर न्हाणीघराचा आराखडा काढावा. दार कुठे, कमोड कुठे, दांडा कोणत्या बाजूला, नहाणीची खुर्ची कुठे. कमोडच्या जागी तितक्याच उंचीचे स्टूल ठेवावे. आता त्या माणसाला स्वतःच्या खुर्चीतून आत जाऊन, वळून, सरकून बाहेर यायला सांगावे. खडूची रेघ ओलांडावी लागली तर तिथे जहाजावर भिंत असणार. अर्ध्या तासात जे कळते ते तीन फोन करून कळत नाही. आईचा ‘नको’ बदलायचाच असेल तर तो इथे बदलण्याची शक्यता अधिक.

केबिन कोणत्या मजल्यावर हवी? शक्यतो जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर. डोलणे तिथे कमी जाणवते आणि खुर्चीवरून पलंगावर सरकताना तोल जाण्याचा धोकाही कमी. लिफ्ट जवळ असावी. मात्र आगीसारख्या प्रसंगी लिफ्ट वापरता येत नाही, तेव्हा आणीबाणीत जमण्याची जागा कोणत्या मजल्यावर आहे, जिन्यावरून उतरवण्याची खुर्ची आहे का आणि ती कोण हाताळणार, हे आधी विचारून नोंदवून घ्यावे. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली, त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि प्रवाशांची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. ‘आजी बसू दे केबिनमध्ये’ असे म्हणून ती चुकवू नये.

आता औषधांचे. बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते आणि लघवी तुंबू शकते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना किंवा मणक्याच्या दुखापतीमुळे मूत्राशयावर ताबा नसलेल्या माणसाला ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. उतारवयात या गोळ्यांनी भ्रमही होऊ शकतो. बेडसोरचा धोका असेल तर खुर्चीची नेहमीची गादी सोबत न्यावी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग थोडे उचलून भार हलवावा. गप्पांच्या नादात हे हमखास राहते. रात्री कूस बदलून देण्याचे वेळापत्रक समुद्रावरही तेच. कॅथेटर, पट्ट्या, औषधे दोन दिवस जादा घ्यावीत. खुर्ची बॅटरीवर चालणारी असेल तर बॅटरीचा प्रकार आधी कळवावा.

घर ते बंदर हा टप्पाही याच हिशेबात धरावा. मुरबाडला अजून रेल्वे नाही. एसटीच्या पायऱ्या उंच, म्हणून कल्याणपर्यंत गाडी करावीच लागते. आसनगावहून लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा मिळतो, पण फलाट आणि डबा यांतली फट ओलांडायला दोन माणसे लागतात. या प्रवासात बरेच जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत, वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ होते आणि सफरीची पहिली रात्र वाया जाते. एका वाहनाने थेट बंदरापर्यंत जाणे महाग, पण इथे काटकसर करू नये असे माझे मत आहे. वाटेत थांबायचे सोयीचे ठिकाण आधी पाहून ठेवावे.

जहाजाचे वयही विचारावे. मुंबईहून जाणारे ‘एम्प्रेस’ १९९० साली फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधले गेले. अमेरिकेतला अपंगांच्या हक्कांचा कायदा त्याच वर्षीचा. म्हणजे आज पाण्यावर असलेली कित्येक जहाजे सुगमतेचे नियम रुजण्याआधी आखलेली आहेत. परदेशी झेंड्याच्या क्रूझ जहाजांनाही अमेरिकी पाण्यात हा कायदा लागू होतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले. जहाजाच्या रचनेत मोठे बदल करण्याच्या सक्तीला मात्र मर्यादा ठेवल्या. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारला बजावले. तोवर प्रवाशाच्या हाती उरते ते लेखी उत्तर. फोनवरचे ‘हो हो, सगळी सोय आहे’ धरू नये. केबिनचा क्रमांक, दाराचे मोकळे माप, उंबऱ्याची उंची आणि दांड्याची बाजू ईमेलवर मागावी आणि ते पत्र छापून सोबत ठेवावे.

राहिला उतरण्याचा प्रश्न. गोव्यात जहाज मुरगावच्या धक्क्याला लागते, फळीवरून खुर्ची उतरवता येते. लक्षद्वीपला तसे नाही. मोठे जहाज खाडीबाहेर उभे राहते आणि प्रवासी छोट्या होड्यांतून बेटावर जातात. कोकणच्या जुन्या आगबोटीने गेलेल्यांना पडाव आठवत असतील, हा प्रकार तसाच. लाटेवर वरखाली होणाऱ्या होडीत खुर्ची उतरवायची की नाही, हे त्या दिवशी कप्तान ठरवतो, आणि तो नाही म्हणाला तर वाद घालू नये. पहिल्याच सफरीत आईला जमिनीवर पाय ठेवायचाच असेल, तर गोव्याचे तिकीट काढावे.